मनातला शब्द ओळखणारी पोथी

जत्रेचा दिवस आहे असे समजा. देवळामागे वडाखाली एक बुवा बसले आहेत. पुढ्यात लाल फडक्यात बांधलेली जाड पोथी आहे. भोवती बायामाणसे जमली आहेत.

बुवा म्हणतात, "ज्याला वाचता येतं त्यानं पुढं यावं. अडाण्याचं काम नाही."

एक सासू आपल्या सुनेला पुढे ढकलते. "जा गं. तू वर्गाला जातेस ना? तुला येतं की वाचायला."

बुवा पोथी सोडतात. अंगठ्याने तिची पाने भराभर चाळून दाखवतात. पानोपानी वेगळा मजकूर दिसतो. मग ते म्हणतात, "मी आता पुन्हा पानं सोडतो. तुला वाटेल तेव्हा 'थांब' म्हण. जे पान निघेल त्याच्यावरला उजवीकडचा पहिला शब्द मनात वाच. बोलू नको. मी तिकडं तोंड फिरवतो."

पाने फरफर सुटतात. सून म्हणते, "थांबा." बुवा मान वळवतात. सून अक्षरांवर बोट ठेवून मनात वाचते. ले, क, रू. लेकरू.

बुवा डोळे मिटतात. थोडा वेळ थांबून म्हणतात, "बाई, तुझ्या मनात एक लेकरू आहे. त्याची तुला काळजी लागली आहे."

सासूच्या अंगावर काटा येतो. घरी नातू तीन दिवस तापाने पडून आहे. बुवांना हे कसे कळले?

"अकराशे रुपये काढ. ताईत देतो. ताप उतरेल," बुवा म्हणतात.

सासूच्या कमरेला अकराशे रुपये आहेत. पण ते डॉक्टरसाठी आणि जीपच्या भाड्यासाठी राखलेले आहेत.

सासूने आता काय करावे? ते ठरवण्याआधी ही पोथी कशी असते ते आपण पाहू.

ही युक्ती फार जुनी आहे

पुस्तकाच्या पानांची ही करामत काल-परवाची नाही. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट नावाचा एक गृहस्थ होता. त्याने १५८४ साली एक मोठे पुस्तक छापले. त्या काळी तिकडे चेटकीण ठरवून बायांना छळत, फासावरही देत. स्कॉटला ते बघवत नव्हते. लोक ज्याला चेटूक म्हणतात त्यातले बरेचसे हातचलाखीचे आहे, असे त्याने लिहिले. आणि हातचलाखीचे खेळ कसे करतात तेही उघड करून सांगितले. त्यातच पाने रंग बदलतात अशा पुस्तकाची कृती दिली होती. जादूगार पुस्तक चाळी, तर सगळी पाने कोरी. पुन्हा चाळी, तर सगळी रंगीत. काही जादूगार मध्ये पानांवर फुंकर मारीत. म्हणून अशा पुस्तकाला फुंकरीचे पुस्तक असे नाव पडले.

हे पुस्तक आजही मिळते. जादूच्या सामानाच्या दुकानात मुलांसाठी विकतात. एकदा चाळले की पाने कोरी, दुसऱ्यांदा नुसती रेघांची चित्रे, तिसऱ्यांदा रंगवलेली चित्रे. मुले खूश होतात. त्यात वाईट काही नाही.

पाने कशी कापतात

याचे मर्म पानाच्या कडेला आहे. सगळी पाने सारखी दिसतात, पण सारखी नसतात. एक पान पूर्ण लांबीचे असते. त्याच्या पुढचे पान किंचित आखूड कापलेले असते. मग पुन्हा लांब, पुन्हा आखूड. हा फरक इतका थोडा असतो की नजरेला कळत नाही. पण अंगठ्याला कळतो.

अंगठ्याने पाने सोडताना अंगठा फक्त लांब पानांच्या कडेवर टेकतो. आखूड पान अंगठ्याला लागतच नाही. ते लांब पानाच्या आडोशाने त्याच्याबरोबर निघून जाते. दोन पाने मिळून एकच पान पडल्यासारखे होते. त्या दोन पानांच्या मधला मजकूर आपल्याला दिसत नाही.

सुरुवातीकडून शेवटाकडे पाने सोडली, तर उजव्या हाताला नेहमी लांब पान येते. शेवटाकडून सुरुवातीकडे सोडली, तर उजव्या हाताला नेहमी आखूड पान येते. बुवा पहिल्यांदा शेवटाकडून चाळतो. आखूड पानांवर वेगवेगळे शब्द असतात. लोकांची खात्री पटते. मग तो सुरुवातीकडून चाळतो. सगळ्या लांब पानांवर पहिला शब्द एकच लिहिलेला असतो. आता तुम्ही "थांबा" कुठेही म्हणा. सापळ्याला दार एकच आहे.

हे खोटे वाटत असेल तर घरी करून पाहा. पोराची जुनी वही घ्या. वीसेक पाने असली तरी चालेल. दुसरे, चौथे, सहावे, आठवे अशी एकाआड एक पाने बाहेरच्या कडेने थोडी आखूड कापा. सुतार ज्याला एक सूत म्हणतो, तेवढीच कापा. मग पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा लांब पानांच्या पुढच्या बाजूला वर 'आंबा' लिहा. आखूड पानांच्या पुढच्या बाजूला काहीही वेगवेगळे लिहा. चिंच, विहीर, बैल, सून, कुलूप. सुरुवातीकडून वही चाळा आणि शेजाऱ्याला "थांब" म्हणायला सांगा. तुम्हीही मनकवडे व्हाल.

पुस्तक साधे असले तर?

कधी कधी बुवा म्हणतो, "पुस्तक तुमचंच घ्या. मी हात लावत नाही." मग माणूस जास्तच फसतो. कारण पुस्तक खरेच साधे असते. लबाडी आकड्यात असते.

बुवा सांगतो, "तीन आकड्यांची कुठलीही संख्या मनात धरा. फक्त पहिला आकडा आणि शेवटचा आकडा यांत दोनाचा तरी फरक असू द्या." समजा तुम्ही ७४२ धरली. ती उलटी करा, म्हणजे २४७. मोठीतून लहान वजा करा. ७४२ वजा २४७, उरले ४९५. आता ४९५ उलटे करा, म्हणजे ५९४. दोन्हींची बेरीज करा. ४९५ अधिक ५९४ म्हणजे १०८९.

"आता पुस्तकाचं १०८ वं पान काढा आणि ९ वी ओळ वाचा," बुवा म्हणतो. तुम्ही वाचता. बुवा ती ओळ धडाधडा म्हणून दाखवतो.

दुसरी संख्या घेऊन पाहू. ९५१ घ्या. उलटी केली, १५९. वजाबाकी ७९२. ती उलटी केली, २९७. बेरीज पुन्हा १०८९. कुठलीही संख्या घ्या, उत्तर तेच येणार.

असे का होते? वजाबाकीकडे नीट पाहा. मधला आकडा नेहमी ९ येतो. आणि कडेचे दोन आकडे मिळूनही ९ होतात. ४९५ मध्ये ४ आणि ५ मिळून ९. ७९२ मध्ये ७ आणि २ मिळून ९. म्हणून उलटी संख्या मिळवली की एककाच्या घरात ९ येतात. दशकात ९ आणि ९ मिळून १८ होतात, ८ लिहून १ हातचा. शतकात ९ आणि हातचा १ मिळून १०. झाले १०८९. यात मंत्र नाही, तंत्र नाही. शाळेतली वजाबाकी आणि बेरीज आहे.

बुवाने ते पान आधीच पाठ केलेले असते. गावात एकच क्रमिक पुस्तक घरोघर असते, तेव्हा हे काम अगदी सोपे होते. वर १०८ हा जपमाळेच्या मण्यांचा आकडा. तो निघाला की लोक हात जोडतात. हिशेबाकडे कुणाचे लक्ष जात नाही.

कागद, कार्बन आणि जोडीदार

आणखी काही युक्त्या आहेत. त्याही जाणून असाव्या.

एक युक्ती पुठ्ठ्याची. बुवा चिठ्ठी आणि पेन्सिल देतो. "मनातलं लिही आणि घडी करून मुठीत ठेव. मला दाखवू नको." लिहायला खाली टेकण म्हणून आपली पोथी देतो. त्या पोथीच्या वेष्टणाखाली कार्बनचा कागद असतो, त्याखाली कोरा कागद. तुम्ही लिहिता ते खाली उमटते. चिठ्ठी तुमच्या मुठीत, पण तिची नक्कल बुवाच्या पोथीत.

दुसरी युक्ती छापील पुस्तकाची. जादूगारांसाठी मुद्दाम अशी पुस्तके छापून घेतात. वरून पाहाल तर साधी कादंबरी. पाने आखूड-लांब नसतात. सगळा मजकूर वेगवेगळा असतो. पण प्रत्येक पानाच्या ठरावीक जागी जो शब्द येतो, तो मोजक्या शब्दांपैकीच एक असतो. जादूगाराला ते शब्द पाठ असतात. "शब्द लांबडा आहे का? त्यात अमुक अक्षर आहे का?" असे दोन प्रश्न बोलता-बोलता विचारले की त्याला उत्तर सापडते.

तिसरी युक्ती जोडीदाराची. एक जण लोकांत फिरतो. दुसऱ्याचे डोळे बांधलेले असतात. पहिला पुस्तकाचे पान बघतो आणि नुसते विचारतो. पण त्याच्या विचारण्यातच उत्तर असते. समजा 'सांग' म्हणजे एक, 'बोल' म्हणजे दोन, 'लवकर' म्हणजे तीन असे दोघांचे ठरले आहे. मग "सांग, लवकर बोल" असे तो म्हणाला की डोळे बांधलेल्याला कळते, पान १३२.

ही विद्या ज्यूलियस आणि ॲग्नेस झँसिग या नवराबायकोने फार वाढवली होती. दोघे मूळचे डेन्मार्कचे. १९०६ साली त्यांनी लंडनमध्ये खेळ केले आणि शहर वेडे करून सोडले. शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिणारा आर्थर कॉनन डॉयल हा मोठा लेखक. डॉक्टरकीही शिकलेला. त्यालासुद्धा वाटले की या जोडप्याची मने खरोखर एक आहेत. पुढे १९२४ साली ज्यूलियसने आपली खुणांची भाषा स्वतःच उघड केली. वर्षानुवर्षे घोकून पाठ केलेले ते शब्द होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. फसला म्हणजे अडाणी, असे नाही. शिकलेला माणूसही फसतो. आपण हुशार आहोत, आपल्याला कोण फसवणार, असे ज्याला वाटते तो लवकर फसतो.

खेळ आणि फसवणूक यांत फरक

मग पुस्तकाचे असे खेळ करणारे सगळे लबाड का? नाही.

दुसऱ्या महायुद्धात सिडनी पिडिंग्टन नावाचा एक ऑस्ट्रेलियन सैनिक होता. १९४२ साली सिंगापूर जपानने घेतले, तेव्हा तो कैद झाला. चांगीच्या छावणीत कैद्यांचे फार हाल होते. तिथे सोबत्यांचे मन रमावे म्हणून त्याने मनातले ओळखण्याचे खेळ बसवले. सुटून आल्यावर त्याने आपली बायको लेस्ली हिला बरोबर घेतले. १९४९ साली बी.बी.सी. रेडिओवर त्यांचे कार्यक्रम सुरू झाले. एका कार्यक्रमात लेस्लीला लंडनच्या जुन्या किल्ल्यात बसवले होते आणि सिडनी रेडिओच्या खोलीत होता. इकडे पुस्तकातली एक ओळ निवडली गेली आणि तिकडून लेस्लीने ती सांगितली. कशी, ते त्यांनी जाहीर केले नाही. "तुम्हीच ठरवा," असे ते लोकांना म्हणत. पण त्यांनी कुणाला ताईत विकला नाही. कुणाच्या आजाऱ्याला अंगारा दिला नाही.

आपल्याकडे पुण्याचे जादूगार रघुवीर आणि बंगालचे पी. सी. सरकार यांनी देशोदेशी जादूचे प्रयोग केले. लोकांनी तिकिटे काढली, टाळ्या वाजवल्या आणि हसत घरी गेले. तिकीट काढून जादू बघणे म्हणजे तमाशा बघण्यासारखेच आहे. आपल्याला माहीत असते की हा खेळ आहे.

फसवणूक कुठे सुरू होते? खेळ करणारा म्हणतो, "ही देवाची शक्ती आहे, तुझं दुखणं मी बरं करतो, पैसे काढ," तिथे.

मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत राहणारे डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली असल्या लोकांना जाहीर आव्हान दिले. चमत्कार करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये देऊ, असे ते आव्हान होते. त्यात एक साधी अट अशी होती की, बंद पाकिटातल्या नोटेवरचा नंबर वाचून दाखवा. लोकांच्या मनातले वाचणाऱ्याला हे अवघड जायला नको होते. पण १९७८ साली कोवूर वारले, तोवर ते लाख रुपये कुणी जिंकले नाहीत.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव असले चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्तीही सांगतात. कायदा व्हावा म्हणून दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराचे ढोंग करून पैसे उकळणे, लोकांना फसवणे किंवा दहशत घालणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

पोथी हातात घेतली

आता पुन्हा वडाखाली जाऊ. सासूने कमरेची पिशवी सोडली आहे. सून मात्र विचारात पडली आहे.

तिच्या मनात येते, 'लेकरू' हा शब्द बुवांनी ओळखला खरा. पण काळजी? जत्रेत आलेल्या कुठल्या बाईला लेकराची काळजी नसते? शेजारणीला हेच सांगितले असते तर तिनेही हात जोडले असते.

ती म्हणते, "बाबा, पोथी जरा माझ्या हातात द्या. डोक्याला लावते."

चार माणसांत बुवांना नाही म्हणता येईना. "लांबनं नमस्कार कर बाई," ते म्हणतात. पण सुनेने दोन्ही हात पुढे केलेले आहेत. लोक बघत आहेत. बुवा पोथी देतात.

सून पोथी डोक्याला लावते. मग खाली बसते, मांडीवर पोथी ठेवते आणि पाने उलटू लागते. फरफर नाही. एक एक, बोटाने धरून. पहिल्या पानावर, लेकरू. दुसऱ्यावर, पाऊस. तिसऱ्यावर, लेकरू. चौथ्यावर, भाकर. पाचव्यावर, लेकरू.

"आत्याबाई," ती सासूला हाक मारते, "इकडं या. एकाआड एक पानावर तेच लिवलंय बघा. थांब कुठंबी म्हटलं असतं तरी लेकरूच निघालं असतं."

सासूला वाचता येत नाही. पण सारखे दिसणारे तीन अक्षरांचे शब्द तिलाही ओळखता आले. तिने पानांच्या कडेवरून बोट फिरवले. एक पान लागे, एक पान लागत नसे. तिने पिशवी पुन्हा कमरेला बांधली.

"चल गं," ती म्हणाली, "जीप निघायच्या आत पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात जाऊ."

तिथे डॉक्टरांनी आधी पोराचे रक्त तपासायला घेतले. तीन दिवसांचा ताप म्हटल्यावर तेच करायला हवे होते.

आपण काय शिकलो

पूर्वी आपल्याला वाचता येत नव्हते, तेव्हा ही पोथी आपल्यावर चालत नव्हती. मनात शब्द वाचायला माणूस साक्षर लागतो. आपण वाचायला शिकलो, आणि फसवणाऱ्याने नवा गळ काढला. म्हणून नव्याने शिकलेल्याने जास्तच जपून राहावे. छापलेले आहे म्हणून खरे, पोथीत आहे म्हणून पवित्र, असे नसते. सावकाराच्या वहीतही छापील ओळी असतात. अंगठा देण्याआधी, सही करण्याआधी आपण तिथे काय लिहिले आहे ते वाचतो ना? तसेच इथेही.

कुणी मनातले ओळखून दाखवू लागला, तर चार गोष्टी करा.

पुस्तक स्वतःच्या हातात घ्या. पाने स्वतः उलटा, एक एक करून.

तोच खेळ दुसऱ्या माणसावर, दुसऱ्या पुस्तकावर करायला सांगा. तोही तुमच्या आकड्याने, त्याच्या हिशेबाने नव्हे.

चिठ्ठी लिहायची तर टेकण आपले घ्या.

आणि पैसे मागितले की उठून या.

बुवाने एक पान दाखवले तर ते वाचा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या पुढचे पानही उलटून पाहा.